खापरपणजीचं माहेर: एका वंशावळीच्या प्रकल्प नोंदी

१४ मे

चुलतभावाच्या मुलांची नावं देवस्थानच्या महाजनयादीत, म्हणजे वंशपरंपरेने हक्क असलेल्यांच्या यादीत, घालायची आहेत, म्हणून आबाकाकांनी घरची वंशावळ पेटीतून काढली. आमचं घराणं मूळ गोव्यातल्या सासष्टीतलं, देवाबरोबर अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आलेलं. मूळ गावाचं नाव आणि आडनाव या नोंदींत लिहिणार नाही, कारण पुढे येणाऱ्या कागदांत जिवंत माणसांच्या वाटण्या आहेत.

वंशावळ सुरेख आहे. मूळ पुरुष, त्याचे तीन मुलगे, त्यांचे मुलगे. बाई एकही नाही. त्यात कुणाचा दुष्टावा नाही, कागदाचं कामच तेवढं होतं. १८८६ची माझानींची, म्हणजे देवस्थानांच्या महाजनमंडळांची, नियमावली आणि नंतरची १९३३ची, दोन्हींत महाजनपण पुरुषाच्या वंशाने चालतं. यादीत नाव घालायला बाप, आजा, पणजा सिद्ध करावे लागतात. आई कुणी विचारत नाही, म्हणून कुणी लिहिली नाही.

आबाकाकांना विचारलं, पणजोबांची आई कुठली? ते म्हणाले, "कुठली म्हणजे? आमच्या घरची." माहेर कुठलं? गप्प झाले.

तेव्हा प्रकल्प असा ठरला: पणजोबांच्या आईचं, म्हणजे माझ्या खापरपणजीचं, माहेर शोधायचं. माहीत आहे तिथून एकेक पायरी मागे जायचं. प्रत्येक पायरीला कागद हवा. कागद नसेल तर नाव पेन्सिलीने.

२० मे

पहिला पुरावा देवघरातल्या कपाटात मिळाला, बाबांची श्राद्धाची चिठ्ठी. तर्पणात वडील, आजोबा, पणजोबा येतात तशा आई, आजी, पणजीही येतात, गोत्रासह. म्हणजे आमच्या घरात बायकांची नावं लिहून ठेवायची एक जागा होती आणि ती भटजींच्या हातात होती. बाबांच्या चिठ्ठीत प्रपितामहीच्या जागी "लक्ष्मी". हीच ती.

आता तर्पण भाऊ करतो. पिढी एक पायरी खाली आली, त्यामुळे त्याच्या चिठ्ठीत लक्ष्मी नाही. बाबांची चिठ्ठी कुणी टाकली असती तर तीही गेली असती. ज्यांच्या घरी श्राद्धं होतात त्यांनी मागच्या पिढीच्या चिठ्ठ्या जपाव्यात. दोन पिढ्यांच्या चिठ्ठ्या जोडल्या की चार पिढ्यांच्या सासुरवाशिणी मिळतात.

अडचण दोन. गोत्र सासरचं. आणि "लक्ष्मी" हे बहुधा लग्नातलं नाव. आमच्याकडे नवरीचं नाव तांदळात लिहून बदलायचे आणि एका घरात तीन पिढ्यांत दोन लक्ष्म्या सहज सापडतात.

३ जून

फोंड्याचं नोंदणी कार्यालय. पाऊस सुरू झालेला, आत छत्र्यांचं तळं. रांगेतले बहुतेक लोक पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आलेले. आजोबांची जन्मनोंद "तेओर"मध्ये हवी, म्हणजे वहीत आहे तशी पूर्ण नक्कल. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची नोंद लिस्बनला चढवता येते, आणि मग मुलानातवंडांची वाट उघडते. या एका कारणाने गोव्यातल्या जुन्या वह्या जितक्या उघडल्या गेल्या तितक्या कुठल्या इतिहासकारानेही उघडल्या नसतील.

आम्हा हिंदूंच्या बाबतीत मात्र या वह्या फार मागे जात नाहीत. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, धर्म आणि सरकार वेगळं झालं, आणि त्यानंतर सगळ्यांची जन्म, लग्न, मरणं सरकारी वहीत लिहायची सक्ती झाली. त्याआधी ख्रिस्ती माणसाला इगर्जीची, म्हणजे चर्चची, वही होती. आमच्याकडे पत्रिका, तीही जपली असली तर. खापरपणजीचा जन्म साधारण १८५८च्या सुमाराचा. तो कुठेच लिहिलेला असणार नाही.

मृत्यू मात्र लिहिलेला आहे. १९२७. वही गोव्याच्या हवेतही बरी टिकलेली. अमक्याची विधवा, वय अंदाजे सत्तर, आणि आईवडिलांच्या जागी "इग्नोरा-से", माहीत नाही. नोंद द्यायला गेलेला तिचा स्वतःचा नातू होता. सोळा वर्षं ज्या आजीच्या हातचं जेवला तिच्या बापाचं नाव त्याला सांगता आलं नाही.

पण पोर्तुगीज मृत्युनोंदीत एक वाक्य ठरलेलं असतं, लोक ते वाचायचं सोडून देतात: मागे मुलं आहेत का, मालमत्ता आहे का, मृत्युपत्र केलं आहे का. इथे लिहिलं आहे, केलं आहे.

१९ जून

मृत्युपत्राची प्रत मिळायला वेळ लागेल. शोधाचा अर्ज, मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारी कागदांची साखळी, सगळं दिलं. तोवर दुसरा धागा.

मूळ गावच्या कोमुनिदादच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गावकरांच्या संस्थेच्या, ऑफिसात गेले. आमची गावकारी अजून तिथे आहे. घराण्यातले पुरुष वर्षाला जोण, म्हणजे तिच्या उत्पन्नातला वाटा, घेतात, रक्कम इतकी किरकोळ की बसभाडं सुटलं तर सुटलं. तरी कुणी सोडत नाही, कारण जोणकारांच्या यादीत नाव असणं म्हणजे गावचे असल्याचा पुरावा. गावकारी पोर्तुगीजांच्याही आधीची. त्यांनी १५२६ साली आफोंसो मेशिया या अधिकाऱ्याच्या हातून तिसवाडीच्या गावकरांचे रीतिरिवाज लिहून घेतले, फोराल म्हणतात तो हाच. बार्देस आणि सासष्टी त्यांच्याकडे आली १५४३ला. सत्ता बदलली, धर्म बदलला, गावकारी तशीच चालली.

गावकर वांगडांत, म्हणजे कुळांच्या गटांत, विभागलेले. आमचं वांगड यादीत पाहिलं तर आमच्या चार-पाच नावांखाली फर्नांडिस, रॉड्रिग्ज, कुतिन्यो. वांगड एक. बाप्तिस्म्यावेळी पाद्रीचं नाहीतर पाद्रिन्याचं, म्हणजे धर्मपित्याचं, आडनाव मिळालं, पण जमिनीतला हक्क वांगडाबरोबर राहिला. धर्म, आडनाव, भाषा, लिपी यांतलं काहीही बदललं तरी हिशेबाची वही बदलत नाही.

तिथेच एक तियो, म्हणजे ख्रिस्ती काका, भेटले. जन्मभर तारवटी, जहाजावर नोकरी केलेले, आता मडगावला असतात. त्यांनाही मुलीसाठी आजोबांचा बाप्तिस्मा हवा आहे. मला म्हणाले, "बाय, म्हाका पुर्तुगेज वाचूंक येता, तुका मोडी. वांगड तर एकच." सौदा ठरला.

२ जुलै

तियोंच्या गावची इगर्ज. पाद्री व्हिगार कामात होते, वह्या इगर्जीची व्यवस्था बघणाऱ्या सांक्रिस्तांवने काढून दिल्या आणि शेजारी बसून राहिला, ते बरोबरच आहे. जुन्या वह्या बऱ्याच ठिकाणच्या पणजीत आर्चडायसिसच्या अभिलेखागारात गेल्या आहेत. इथे एकोणिसाव्या शतकाच्या मधल्यापासूनच्या उरल्यात.

इगर्जीने वह्या ठेवायला कधी सुरुवात केली याला ठरलेलं कारण आहे. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा आणि लग्न यांची वही प्रत्येक पॅरिशला सक्तीची केली. लग्नाच्या आड येणारं नातं आहे का हे तपासायला वही लागते. म्हणून तीत दोन्हींकडचं कूळ लिहितात. आमच्या महाजनयादीचा प्रश्न हक्काचा होता, त्यांचा प्रश्न सोयरिकीचा. सोयरिकीच्या प्रश्नाला आई लागते, आणि आईची आईही.

१८५८ सालची एक नोंद उघडली, सहज, खापरपणजीच्या वयाची मुलगी म्हणून. अमक्याची आणि अमकीची औरस मुलगी, बापाकडून अमक्या-अमकीची नात, आईकडून अमक्या-अमकीची नात, पाद्रिन्य अमका, मादरिन्य (धर्ममाता) अमकी. एका परिच्छेदात चार बायका, पाचवी ती स्वतः. समासात नंतरच्या हातची टीप: अमक्या इगर्जीत, अमक्या साली लग्न. बाजूच्या पानावर एका मुलाच्या बापाच्या जागी "पाय इंकोग्नितु", बाप अज्ञात. लपवाछपवी नाही, शाई तीच.

मला हेवा वाटला, लिहून ठेवते.

११ जुलै

वाचण्याबद्दल, जे हे काम करणार आहेत त्यांच्यासाठी.

पाद्रींना घाई असे. मारिया म्हणजे एक एम आणि वर टांगलेला ए. फ्रांसिस्कोच्या मधली अर्धी अक्षरं गायब. महिन्यांचा घोळ सगळ्यात मोठा: जुन्या नोंदींत सातचा आकडा आणि पुढे "ब्रो" असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. रोमन वर्षात सप्टेंबर सातवा होता, त्या हिशेबाने आठ-ब्रो ऑक्टोबर, नऊ-ब्रो नोव्हेंबर, दहा-ब्रो डिसेंबर. सांतानाच्या जुलैतल्या फेस्ताच्या सुमाराला जन्मलेलं म्हणून घरात सांगतात आणि नोंद सात-ब्रोची निघते, तेव्हा दोन्हींतलं एक तरी तपासायला हवं.

अनुक्रमणिका असली तर आडनावाने नसते, पहिल्या नावाने असते. "आंतोनियु"ची पानंच्या पानं. म्हणून शोधायचं ते पाद्रिन्यांवरून. काका-मामाच पाद्रिन्य होतात, त्यांची नावं पुन्हापुन्हा येतात आणि त्यांवरून घर ओळखू येतं. तियोंचं घर असंच सापडलं. एका मामाने भाचरांची सगळी रांग पदरात घेतली होती.

मृत्यूच्या वहीत १९१८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला हस्ताक्षर बदलतं आणि नोंदी आखूड होतात. इन्फ्लुएंझाची साथ. त्या पानांवर कुणाचे आजोबा-आजी नाहीत, फक्त नाव, वय, वाडा.

२५ जुलै

तियोंच्या आजोबांचा बाप्तिस्मा मिळाला, मरण मिळालं नाही. ते मुंबईत वारले.

मुंबईत शोधताना एक गोष्ट माहीत असली तर पायपीट वाचते. तिथे १७९४ ते १९२८ दोन धर्मसत्ता शेजारी शेजारी चालत होत्या. पाद्रोआदोच्या, म्हणजे पोर्तुगालच्या राजाश्रयाखालच्या, इगर्जी वेगळ्या, प्रोपागांडाच्या, म्हणजे थेट रोमच्या अंमलाखालच्या, वेगळ्या. गोंयकार साधारण पाद्रोआदोकडे जात. माझगावची ग्लोरिया त्यांतली. घराजवळची इगर्ज कोणती हे बघून उपयोग नाही, कुणाच्या अंमलाखालची हे बघायचं.

दुसरी जागा कूड, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांची राहायची सामाईक खोली. गावागावाच्या कुडी धोबीतलावला होत्या, जेर महालात काही अजून आहेत. जहाजाची वाट पाहणारा तारवटी तिथे ट्रंक ठेवून राही, तेरसाला (जपमाळेच्या प्रार्थनेला) बसे, वर्गणी भरी. तियो स्वतः राहिले आहेत. म्हणाले, कुडीच्या वहीत माणूस कधी आला आणि वर्गणी कधी थांबली ते असतं. थांबली याचा अर्थ एकतर आफ्रिका, नाहीतर सोनापूर, म्हणजे स्मशान. त्यांच्या मुंबईच्या भाच्यावर हे काम सोपवलं.

६ ऑगस्ट

जनगणना. भाचीने विचारलं, एवढं फिरण्यापेक्षा जनगणनेत का बघत नाहीस, अमेरिकेत तर असंच शोधतात.

इथे नाही. पोर्तुगीजांनी गोव्यात दर दहा वर्षांच्या मोजण्या केल्या, १९०० पासून शेवटची १९६० पर्यंत. पणजीच्या पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात छापील खंड पाहता येतात. माणसं किती, घरं किती, लिहिता-वाचता येणारे किती. नावं नाहीत. मुक्तीनंतर भारताची जनगणना आली, तिची घरोघरची पत्रकं १९४८च्या जनगणना कायद्याच्या १५व्या कलमाप्रमाणे कुणालाच पाहता येत नाहीत. कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाहीत. लोकांनी खरं सांगावं म्हणून ते आहे आणि मला पटतं.

ग्रंथालयाचा फेरा फुकट गेला नाही. ते १८३२चं, आणि सरकारी राजपत्र, बोलेतीं, जे १८३७ पासून निघू लागलं, त्याचे जुने गठ्ठे तिथे आहेत. वारसांना बोलावणाऱ्या जाहिराती, नेमणुका, लिलाव. घराण्यात कुणी सरकारी नोकर नाहीतर कर्जबाजारी असेल तर बोलेतींत सापडतोच.

१८ ऑगस्ट

पणजीचं पुराभिलेख खातं. इथे यायचं नव्हतं, तियोंनी आणलं. त्यांना वांगडाची मूळ फूट शोधायची आहे: कुठले दोन भाऊ, त्यांतला कोण राहिला, कोण देव घेऊन नदीपार गेला.

जागेला इतिहास आहे. १५९५ साली दियोगु दो कोउतू या इतिहासकाराला गोव्याच्या दप्तराचा रखवालदार नेमलं, तिथून हे सुरू. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी इथल्या कागदांवर आयुष्य घातलं, पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही बाजूंनी. त्यांच्यामुळे मोडी कागद गठ्ठ्यातच मेले नाहीत.

आम्ही दिवसभर बसलो. सासष्टीत जेझुइट १५६० पासून. त्याच साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, ते १८१२ला कायमचं गेलं. १५५९चा एक हुकूम असा की आईबाप, आजीआजोबा कुणी नसलेली हिंदू मुलं साँ पावलूच्या कोलेजाकडे, म्हणजे जेझुइटांच्या विद्यालयाकडे, द्यायची. त्या पोरांची वंशावळ तिथेच तुटते, दोन्हीकडून. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेरणेची म्हाळसा नदीपार गेली ती याच दशकांत. पण या सगळ्यात आमच्या दोन भावांची नावं कुठून येणार? तियोंच्या इगर्जीच्या हाती लागणाऱ्या वह्या सुरू होतात त्याच्या तीनशे वर्षं नंतर. आमची वंशावळ मूळ पुरुषापाशी जाते खरी, पण तो मूळ पुरुष कुणीतरी एकोणिसाव्या शतकात कागदावर मांडलेला. अक्षराच्या वळणावरून दिसतं.

माझं मत तियोंना सांगितलं: वांगड एक हे पक्कं, भाऊ होते हे घरचं सांगणं. पक्कं शाईने, सांगणं पेन्सिलीने. ते म्हणाले, "पेन्सिल पुसतली." मी म्हटलं, म्हणूनच.

चवथीनंतर

चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, काही केलं नाही. माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट), पंचखाद्य, पाहुणे. नोंदीपुरतं एवढंच: जमलेल्या सगळ्या आत्यांना, काकूंना एकेक कागद दिला आणि आपली आई, आजी, पणजी माहेरच्या नावानिशी लिहायला सांगितलं. आईपर्यंत सगळ्यांनी लिहिलं. आजीचं माहेरचं नाव निम्म्यांना. पणजीचं कुणालाच नाही. धाकट्या काकूने कागद परत देताना विचारलं, "माझं माहेरचं नाव तरी कुणाला माहीत आहे इथे?" आबाकाका टीव्ही बघत होते.

१५ सप्टेंबर

मृत्युपत्र मिळालं.

आधी नाहीच म्हणाले. नोटरीच्या वहीची अनुक्रमणिका पहिल्या नावाने, "ल"मध्ये ती नव्हती. पण मृत्युनोंदीत आहे म्हटल्यावर कुठेतरी असणारच. नोंदीत सासरचं गाव होतं, नवऱ्याचं नाव होतं. कारकून बाई भल्या, त्यांनी १९२० नंतरची पानं नवऱ्याच्या नावाने चाळू दिली. ती "काशी"खाली निघाली. पोर्तुगीज "श"ला एक्स लिहितात आणि काशी सी-खाली येते. कायद्याला लग्नात बदललेल्या नावाशी कर्तव्य नव्हतं, जन्माचं नाव तेच खरं. "काशी, जी लक्ष्मी या नावानेही ओळखली जाते." एका ओळीत दोन्ही.

१९२६. तिला लिहिता येत नव्हतं. ती कोकणीत बोलली, दुभाष्याने सांगितलं, नोटरीने पोर्तुगीजमध्ये लिहिलं, मग परत कोकणीत वाचून दाखवलं. सहीच्या जागी "आ रोगु", म्हणजे तिच्या विनंतीवरून दुसऱ्याची सही, आणि शेजारी अंगठा.

गोव्यात आईबापाला मुलांना सगळंच्या सगळं नाकारता येत नाही. अर्धी मालमत्ता वारसांची, ती त्यांना मिळणारच. उरलेल्या अर्ध्यावर मृत्युपत्र चालतं. शिवाय लग्नाने नवराबायको अर्ध्या-अर्ध्याचे धनी, म्हणून तिच्या हाती देण्यासारखं काही होतं. जमीन विकायला बायकोची संमती लागते, त्यामुळे जुन्या विक्रीखतांवर बायका दिसतात, हे तिच्या नवऱ्याच्या दोन खतांवरही दिसलं. पण तिथे ती फक्त हो म्हणते. इथे ती बोलते आहे.

काय म्हणते? आपल्या अर्ध्यातून पाटल्यांची एक जोड आणि कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) एका ओळीच्या माडांचं उत्पन्न, हयातभर, भावाच्या मुलीला. ती मुलगी बालविधवा, भावाच्या घरी राहते. मुलगे, सुना, नातवंडं, कुणालाच या अर्ध्यातलं काही नाही. मुलग्यांनी त्यावर काय म्हटलं असेल ते म्हटलं असेल.

आणि पहिल्याच ओळीत: अमक्याची मुलगी, जन्म "कुंकोलिएं".

१७ सप्टेंबर

घरात एकच आनंद, कुंकळ्ळीची! सासष्टीची! आबाकाकांना तर लगेच कुंकळ्ळीकरांचा पोर्तुगीजांविरुद्धचा १५८३चा उठाव आठवला.

पण मजकूर कुंकोलिएं आहे, शेवटी "इएं". सासष्टीतली कुंकळ्ळी पोर्तुगीज "कुंकोलीं" लिहितात. "कुंकोलिएं" म्हणजे अंत्रुजातलं कुंकळ्ये, म्हार्दोळाजवळचं. पुढे "फोंडा कोंसेल्य" असंही आहे, त्यामुळे वाद राहत नाही. पोर्तुगीज कागदांत गावं ओळखण्याची सवय करून घ्यावी लागते. कवळे तिथे "केउला" असतं, माशेल "मार्सेला". कोंसेल्य, म्हणजे तालुका, वाचल्याशिवाय गाव नक्की करू नये.

आबाकाका जरा हिरमुसले. उठाव गेला.

८ ऑक्टोबर

मृत्युपत्र एकटं पुरेसं आहे, तरी दुसरा कागद असावा म्हणून घरच्या मोडी हिशेबवह्या घेतल्या. नारळ, सुपारी, खंडणी, मजुरी. १८७०च्या दशकातली एक वही उघडली, लग्न त्या सुमाराला असणार. भाद्रपदात एक ओळ: कुंकळ्येहून वजे, म्हणजे सुनेच्या माहेरची भेट, आले, खाली जिन्नस. नारळ, गूळ, तांदूळ, केळ्यांचे घड, नेवऱ्या. पुढच्या वर्षी पुन्हा, जरा कमी. ओळ लिहिणाऱ्याने सुनेचं नाव लिहिलेलं नाही. जिन्नस मात्र शेरासकट लिहिलेत.

बरोबर आहे. ती हिशेबाची वही. वज्याची परतफेड करावी लागते, सुनेची नाही.

२१ ऑक्टोबर

कोर्टातून तिच्या नवऱ्याच्या मरणानंतरच्या इन्व्हेंताराची, म्हणजे वारस आणि मालमत्तेच्या वाटणीच्या कागदांची, नक्कल. ज्यांना कुणाला गोव्यातलं कूळ शोधायचं आहे त्यांनी आधी हेच मागावं, मी उलट्या क्रमाने गेले कारण मला नवऱ्याची नाही तिची वाट हवी होती. इन्व्हेंतारात सगळे वारस लागतात, लग्न झालेल्या मुलीही, त्यांच्या नवऱ्यांच्या आणि गावांच्या नावानिशी, कारण मुलींनाही वाटा आहे. आमच्या वंशावळीत खापरपणजोबांना तीन मुलगे. इन्व्हेंतारात तीन मुलगे आणि चार मुली. एक माशेलला दिलेली, एक बोरीला, दोन त्या वेळी लहान.

कुळागरात राबणाऱ्या, मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांचं नाव मात्र यातही नाही. त्यांची घरं "त्यावरील झोपड्या" अशी झाडांच्या यादीनंतर येतात. मुंडकार कायदा आला १९७५ला, तोवर त्यांना कागदावर यायला दार नव्हतं. आमच्या भाटातल्या (बागेतल्या) मुंडकाराच्या मुलीने परवा विचारलं, आमची पण काढशील का? काढीन म्हटलंय. सुरुवात शाळेच्या दाखल्यांपासून आणि त्यांच्या देवीच्या अवसरापाशी (अंगात येतं तिथे) कुणाला काय आठवतं त्यापासून करावी लागेल.

२ नोव्हेंबर

कुंकळ्येला गेले, आधी फोन करून. तियो पण आले, गाडी त्यांची.

घर सापडलं. मोठ्या वहिनींनी दार उघडलं, बसवलं, पाणी-गूळ दिला, आणि पहिला प्रश्न विचारला: "वांटो मागूंक आयल्यात?" मी मृत्युपत्राची प्रत पुढे केली. त्यांनी मुलाला वाचायला लावली, तियोंनी अर्थ सांगितला.

काशी हे नाव त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्याही वंशावळीत मुली नाहीत. पण पाटल्या माहीत होत्या. भावाची ती बालविधवा मुलगी, घरातली सगळी तिला मोठी आत, म्हणजे मोठी आत्या, म्हणायची, म्हातारी होऊन इथेच गेली. वहिनी नव्या लग्न होऊन आल्या तेव्हा ती हयात होती. पाटल्या नवऱ्याकडच्या असणार असं सगळे धरून चालले होते. वहिनी म्हणाल्या, तिला विचारलं तर म्हणायची, "म्हज्या आतेन दिल्यो." आम्हाला वाटायचं भ्रम झालाय.

माडांचं उत्पन्न कधी आलं का, हे मी विचारलं. ते त्यांना आठवत नाही. आमच्या वह्यांत १९२७ नंतर कुंकळ्येच्या नावे काही खर्ची पडलंय का ते बघायला हवं. नाही पडलं तर तेही लिहीन, आबाकाका काही म्हणोत.

काशीच्या बापाचं नाव त्यांच्या वंशावळीत आहे, मृत्युपत्राशी जुळतं. शाईने लिहिलं. तिच्या आईचं नाव नाही. वहिनींच्या सासऱ्यांच्या श्राद्धाच्या चिठ्ठ्या माळ्यावरच्या डब्यात असाव्यात. दिवाळीची साफसफाई आटोपली, आता वर चढायला मुलाला सवड हवी. सोमवारी फोन करायचा आहे.